वजनगट नसलेल्यांचं काय?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण घरातलंच आहे, म्हणजे कोल्हापूरकराचं कोल्हापूरकरांशी. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी मजा बघत बसायला हरकत नाही. (तुमचाही नंबर पुढे लागणारच आहे, घाई नको. :-))

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचं आहे त्यांना वाट बघायला नको. कोल्हापूरच्या तालमी फक्त स्पर्धेत उतरणाऱ्या पैलवानांसाठी राखून ठेवणं चूक आहे. दिवसातला एक तास तरी तालमीचं दार सगळ्यांना उघडं पाहिजे. सगळ्यांना म्हणजे खरोखर सगळ्यांना. बाई असो, बाप्या असो, सात वर्षांचं पोर असो नाहीतर साठीचे आजोबा. ज्याला कधीच कुठल्या मैदानात उतरायचं नाही, त्यालासुद्धा.

हे डोक्यात आलं ते ऐकिडोमुळे. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा चार वर्षं मी एका शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या ऐकिडोच्या वर्गाला जायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) नावाच्या जपानी गुरूंनी जुन्या जुजुत्सूमधून आणि तलवारीच्या हालचालींमधून ही कला उभी केली. समोरचा अंगावर आला की त्याच्या जोराला जोर लावायचा नाही, बाजूला सरकून त्याचा तोल काढायचा. काही शाखांचा अपवाद सोडला तर ऐकिडोत स्पर्धाच नाही. मेडल नाही, वजनगट नाही, हरला-जिंकला नाही. उएशिबा स्वतः ऐंशी ओलांडल्यावरही मॅटवर उतरत होते.

माझ्या वर्गात बँकेतून रिटायर झालेल्या एक काकू होत्या, चौथीतला एक पोरगा होता, दोन डॉक्टर होते आणि माझ्यासारखे चार-पाच आयटी हमाल होते. पहिला महिना फक्त पडायला शिकवलं. पुढे पड, मागे पड, कुशीवर पड, गोल फिरून उठ. नंतर जोड्या. चार वेळा मी हल्ला करायचा, चार वेळा समोरच्यानं, मग जोडी बदल. जो जुना असेल त्यानं नव्याच्या वेगानं चालायचं, हा एकच कडक नियम. काकूंनी मला पहिल्यांदा आपटलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं होतं, "पाठीला काही त्रास नाही ना रे?" आणि मग आपटलं. :-)

आता कोणी म्हणेल, जपान्यांचं सगळं भारीच असतं. नाही हो. यात जपानी असं काय आहे? वाकून नमस्कार आपल्याकडेही आहे, तालमीत पाऊल टाकताना माती कपाळाला लावतोच की. पडायला शिकणं आपल्याकडेही आहे. जोडही आहे. फरक फक्त व्यवस्थेचा आहे. तिथं नवा माणूस दारात आला तर पुढे त्याचं काय करायचं हे ठरलेलं असतं. आपल्याकडे नसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम उत्तम आहे, पण नवीन युजरसाठी लॉगिनच दिलेलं नाही.

गेल्या वर्षी कोल्हापुरात परत आलो (आता काम इथूनच करतो) आणि ताईच्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन एका तालमीत गेलो. नाव सांगत नाही, कारण माणसं चांगली होती. वस्तादांनी बसायला खुर्ची दिली, चहा पाजला आणि मग विचारलं, "वजन किती? कुठल्या गटात खेळायचं?"

"खेळायचं नाही वस्ताद, नुसतं शिकायचंय."

"मग जिमला जावा की!"

आणि भाचीकडे बघून, अगदी मायेनं, "पोरींचं इथं जमायचं न्हाई. मुरगूडला चांगलं शिकवत्यात बगा." मुरगूडच्या पोरी कुस्तीत नाव काढतायत हे खरंच आहे, अभिमानच आहे. पण तासाभरापेक्षा जास्त प्रवास करून मुरगूडला जायचं आणि घरापासून दोन गल्ल्यांवरची तालीम नुसती बाहेरून बघायची, हा कुठला न्याय?

वस्तादांचा यात दोष नाही. त्यांच्यापुढे कायम हाच प्रश्न आलेला: हा पोरगा मैदान मारेल का? मारणार असेल तर आत, नाहीतर गॅलरीत. कोल्हापुरात कुस्तीशी तुमचं नातं दोनच प्रकारचं असू शकतं, पैलवान किंवा प्रेक्षक. मधली जागाच नाही. माझं भांडण त्या मधल्या जागेसाठी आहे.

गंमत बघा. 'तालीम' हा शब्द कोल्हापुरात किती पसरलाय! बाहेरच्या माणसाला शाहू स्टेडियमवर नेलं आणि पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम अशी मॅच दाखवली, तर तो विचारतो, "तालमी फुटबॉल कशा काय खेळतात?" बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, सगळ्यांच्या फुटबॉल टीम. गणपती तालमीचा, शिवजयंती तालमीची. ज्या वर्षी मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र येतात त्या वर्षी काही तालमींत पंजा आणि गणपती एका छताखाली बसतात. २०१९ च्या महापुरात पेठापेठांतल्या तालमींची, मंडळांची पोरं पाण्यात उतरली. पुरातून बाहेर काढताना कोणी आजीला वजनगट विचारला नव्हता.

म्हणजे तालीम ही पेठेची सार्वजनिक जागा आहे, हे सगळ्यांनाच मान्य आहे. वर्गणी द्यायला सगळे, मिरवणुकीत नाचायला सगळे, मॅचला ओरडायला सगळे. फक्त ज्या कामासाठी तालीम बांधली, त्या व्यायामाच्या वेळी मात्र मोजकेच. आणि कित्येक पेठांत तर आता तेवढेही नाहीत. हौद्यावर फरशी, फरशीवर कॅरम, कोपऱ्यात गणपतीचं सामान, भिंतीवर जुन्या पैलवानांचे हार घातलेले फोटो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं शहर रडलं. शेजारच्या खासबाग मैदानाच्या स्टेजलाही आग लागली होती. आग दिसते म्हणून लोक धावतात. हौदा वाळत जातो तेव्हा धूर येत नाही, म्हणून कोणी धावत नाही.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय कोल्हापुरात कोणी ऐकून घेत नाही. :-) राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, रोमचं कलोझियम बघितलं, आणि तसं मैदान आपल्याकडे हवं म्हणून खासबाग बांधलं. १९१२ साली ते पूर्ण झालं. उद्घाटनाची मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात झाली. इमामबक्ष म्हणजे गामा पैलवानाचा भाऊ. म्हणजे जात, धर्म, प्रांत न बघता मैदान सगळ्यांना खुलं, हा महाराजांचा शिरस्ता. शंभर वर्षांपूर्वी ज्या माणसानं एवढा मोठा दरवाजा उघडला, त्याच्या गावात आज वय आणि बाईमाणूस या दोन कड्या तशाच लावून ठेवायच्या आणि फ्लेक्सवर 'शाहूंचे वारसदार' लिहायचं, हे काही मला पटत नाही.

दुसरी गोष्ट खाशाबा जाधवांची. गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. ही गोष्ट आपण पोरांना खाशाबांची म्हणून सांगतो. मला ती तितकीच खर्डेकरांची वाटते. मेडल आणणारा पैलवान होता, पण त्याला पाठवणारा एक बॅरिस्टर मास्तर होता. कुस्ती नेहमी पैलवान नसलेल्या माणसांच्या जिवावर उभी राहिली आहे. संस्थान होतं तोवर राजानं सांभाळली, नंतर गावानं वर्गणी काढून. आता राजा नाही, आणि गावाचं मातीशी नातं राहिलेलं नाही. ज्यानं आयुष्यात एकदाही हौद्यात पाय ठेवला नाही तो पैलवानाच्या खुराकाला पैसे कशाला देईल? तो मोबाईलवर आयपीएल बघेल. त्याचं काय चुकलं?

आता आक्षेप. हे बोलून बघितलंय, त्यामुळे काय काय ऐकावं लागतं ते पाठ आहे.

१. "तालीम म्हणजे काय हॉबी क्लास हाय व्हय?"

नाही. म्हणूनच एक तास मागतोय, अख्खा दिवस नाही. पैलवानांची मेहनत पहाटे आणि दुपारनंतर असते. रात्री सात ते आठ हौद्यात कोण असतं? आणि हॉबी हा शब्द शिवीसारखा कशाला वापरायचा? भजनी मंडळात बसणारा प्रत्येक जण भीमसेन जोशी व्हायला बसत नाही. पण अशी गाणारी आणि ऐकणारी हजारो माणसं असतात म्हणून एखादा भीमसेन टिकतो.

२. "कुणाचा हात-पाय मोडला तर?"

हा आक्षेप खरा आहे आणि याला नुसतं हसून चालणार नाही. चाळिशीच्या, पोट सुटलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी ढाक मारली तर तो थेट हाडाच्या डॉक्टरकडेच जाईल. पण ढाक मारायची कशाला? पहिले दोन महिने पडणं, जोर, बैठका, सपाट्या. दहापासून सुरुवात. फावड्यानं हौदा खणणं, हा तर असा व्यायाम आहे की कुठल्याही मशिनवर मिळत नाही. मग पवित्रा, मनगटाची पकड, पट कसा काढायचा आणि कसा वाचवायचा, तेही अर्ध्या वेगानं. उचलून टाकायचे डाव नकोतच. तेल, ताक, हळद घालून मुरवलेली मऊ माती आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. पडायला याहून चांगली जागा कुठली? पुण्यात आम्ही शाळेच्या फरशीवर पातळ मॅट टाकून पडत होतो, तरी सगळे शाबूत आहोत.

३. "बायका-पोरी हौद्यात? मारुतीरायाची जागा हाय ती!"

मारुतीरायाला मध्ये घालू नका. हमीदा बानूनं १९५४ साली बडोद्यात बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं होतं, तेव्हा काही आकाश कोसळलं नाही. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. ही गोष्ट आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली आहे, अमेरिकेतली नाही. आणि लांब कशाला जाता? आपले मर्दानी खेळ बघा. नावातच 'मर्दानी', पण शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा कोण फिरवतं? लाठी कोण फिरवतं? पोरीच की! त्या आखाड्यांत पांढऱ्या मिशांचे वस्ताद आणि दुसरी-तिसरीतली पोरं एकाच रिंगणात खेळतात. म्हणजे 'सगळ्या वयाच्या लोकांना एकत्र शिकवता येतं का' या प्रश्नाचं उत्तर कोल्हापुरानं आधीच दिलेलं आहे. फक्त ते कुस्तीच्या हौद्यापर्यंत पोचलेलं नाही. आणि मर्दानी खेळांबद्दलही एक तक्रार आहेच: २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला, छान झालं, पण बाकीच्यांना तो फक्त मिरवणुकीत दिसतो. मंगळवारी संध्याकाळी, प्रेक्षक नसताना, आपल्याच तालमीत तो दिसला पाहिजे.

४. "ऐकिडो म्हंजे नाच. रस्त्यावर मारामारीत चालत न्हाई."

अर्धं मान्य. स्पर्धा नसल्यानं तिथं डाव खऱ्या विरोधावर घासला जात नाही, आणि समोरचा आधीच पडायला तयार असतो, ही टीका ऐकिडोवर जगभर होते. बरोबर आहे. पण मग आपली बाजू किती भक्कम आहे बघा! कुस्तीत खरा विरोध आहे. आपल्याकडे माल अस्सल आहे आणि दुकान बंद आहे. त्यांच्याकडे मालावर प्रश्नचिन्ह आहे तरी दुकान जगभर उघडं, कारण आत येणाऱ्याला ते 'या' म्हणतात. आणि खरं सांगू? माझ्या वयाच्या माणसाला रस्त्यावर कोणी मारायला येत नाही. आम्हाला मारते ती खुर्ची. दहा तास बसून पाठ गेली, मान गेली, बाथरूममध्ये पाय घसरला तर कसं पडायचं ते माहीत नाही. साठीच्या माणसाला पडायला आणि पडून उठायला शिकवणं ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्याच्या घरात म्हातारं माणूस पडलंय त्यालाच कळेल.

५. "आमच्या वस्तादांना यात काय मिळणार?"

पैसे! स्पष्टच बोलू. पुण्यात दर महिन्याला जिमला दोन-अडीच हजार भरणारे आणि त्यातले पंधरा दिवस दांड्या मारणारे माझे कितीतरी मित्र आहेत. संध्याकाळच्या एका तासाला चाळीस लोक आले आणि प्रत्येकानं पाचशे दिले तर महिन्याला वीस हजार होतात. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत गावोगावची शेतकऱ्यांची पोरं राहून मेहनत करतात. दूध, तूप, बदाम, थंडाई हे सगळं घरून आलेल्या पैशांवर. त्यातल्या तीन-चार जणांच्या खुराकाला या वीस हजारांचा हातभार लागला तर वाईट काय? आणि ते पैसे देणारा माणूस रोज त्या पोराला घाम गाळताना बघेल, त्याच्या मैदानाला जाईल, ऑफिसात त्याचं नाव सांगेल.

ही आयडिया हवेतली नाही, याचं एक उदाहरण मल्लखांबाचं. मल्लखांब हा मूळचा पैलवानांचाच व्यायाम. तो तालमीतच अडकून राहिला असता. पण दादरच्या शिवाजी पार्कजवळ श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी तो मुलींना शिकवला, मोठ्यांना शिकवला, दृष्टिहीन मुलांनासुद्धा शिकवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दार उघडल्यानं मल्लखांब बाटला का? उलट आज तो परदेशातही शिकला जातो. 'सगळ्यांना शिकवलं तर दर्जा घसरतो' म्हणणाऱ्यांनी एकदा तिथं जाऊन यावं.

आता तुमचा नंबर. हो, तुमचाच, म्हणजे हिंजवडी, मगरपट्टा, बेंगळुरू वगैरे ठिकाणी बसून हे वाचणाऱ्यांचा. कुस्तीचं रील आलं की 'जगात भारी' लिहून फॉरवर्ड करणारे तुम्ही. सुट्टीला गावी आलात की तांबडा-पांढरा हाणून रंकाळ्यावर फोटो काढता. तालमीच्या दारात जाऊन "वस्ताद, आम्हाला शिकवाल का?" असं विचारलंय कधी? मागणीच नसेल तर वस्ताद बॅच कुणासाठी काढणार? एकटा गेलात तर "जिमला जावा" ऐकाल. दहा जण गेलात, सहा महिन्यांची फी आगाऊ घेऊन गेलात, तर बोलणं वेगळं होईल. आणि फुकटच्या अटी घालू नका. माती अंगाला लागणारच. एसी नसणारच. वस्ताद 'अरे-तुरे' करणारच. ते सोसत नसेल तर मग खरंच जिमला जावा.

तालीम मंडळांना मागणं इतकंच. गणपतीच्या तयारीची मीटिंग दर वर्षी होते. वर्गणी, मूर्ती, मिरवणूक सगळं ठरतं. त्याच मीटिंगमध्ये यंदा एक विषय वाढवा: आपल्या तालमीत रोज संध्याकाळी एक तास, सगळ्यांसाठी. आठवड्यातले दोन दिवस फक्त बायका-मुलींसाठी ठेवा, सुरुवातीला त्यांनाही बरं पडेल. शिकवायला एखादी माजी महिला कुस्तीगीर बोलवा, जिल्ह्यात आता आहेत. हौदा बुजवला असेल तर मॅट घ्या. एका रात्रीच्या साउंड सिस्टिमच्या भाड्यात सुरुवातीपुरत्या मॅट येतात की नाही, याचा हिशोब खजिनदारांनी करावा, मी करत नाही. :-)

भाचीला सध्या लाठी शिकायला घातलंय, आवडीनं जाते. पण परवा तिनं विचारलं, "मामा, तालमीतली लाल माती हाताला कशी लागते रे?" कोल्हापुरात जन्मलेल्या पोरीला हा प्रश्न पडतो.

असो. फार लांबलं. पाटी करायला रंगाचा डबा मी देतो. 'संध्याकाळी ७ ते ८, सर्वांसाठी' एवढंच लिहा. वजनकाटा त्या एका तासापुरता आत ठेवा.